उरलेले दहा टन

सोमवार, ४ ऑगस्ट

आजपासून मी जवळजवळ इतिहास शिकवत नाही. आठवड्याला एक तास उरलाय तेवढाच, पण पगार दुसऱ्याच कामाचा. विद्यापीठाने ‘अध्यापन साहाय्य केंद्र’ काढलं आहे. त्याची प्रमुख मी, आणि हाताखालची माणसंही मीच. खोली जिन्याखालची. आधी तिथे मोडक्या खुर्च्या टाकायचे. खुर्च्या हलवल्या आणि त्यातलीच एक मला दिली.

काम असं की प्राध्यापकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, काय चाललंय ते बघायचं आणि मग त्यांना शिकवणं सुधारायला मदत करायची. नियम दोन, मीच केलेले. पहिला, वर्गातलं वर्गात. जे बघितलं ते त्या शिक्षकाशिवाय कोणाशीही बोलायचं नाही, विभागप्रमुखाशी तर नाहीच नाही. दुसरा, बघणाऱ्याने वर्गात तोंड उघडायचं नाही. हा दुसरा नियम नवरोबाला वाचून दाखवला तर तो इतका हसला की ठसका लागला.

नवरोबा निवृत्त झाल्यापासून शिवणकामाच्या मागे लागलाय. माळ्यावरून त्याच्या आईचं शिलाई मशीन काढलं, तेल घातलं, आता उशीचे अभ्रे शिवणार म्हणतो. आज पहिल्याच रेघेला दोरा तुटला, पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. ताण जास्त ठेवला होता, दुसरं काही नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं.

“तू शेजारी उभी राहिलीस की तुटतो,” म्हणाला.

नाचता येईना, अंगण वाकडं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

पहिलं गिऱ्हाईक आलं, पण स्वतःच्या पायाने नाही. स्थापत्य विभागाचे प्रमुख त्याची तक्रार घेऊन आले. हा माणूस बसत नाही, उभ्याउभ्याच सगळं उरकतो. उंटावरून शेळ्या हाकायची सवय.

“आमच्याकडे एक कंत्राटी अध्यापक आहे. डोकं चांगलं आहे, पण वर्ग म्हणजे मासळीबाजार. फळ्यावर चुकतो, पोरं ओरडतात, हा पुसतो, पुन्हा लिहितो. पोरांनी नावच ठेवलंय डस्टरसर. शेजारच्या वर्गातून रोज कटकट. ऑक्टोबरात समिती येऊन त्याचा एक तास बघणार. कायम करायचं की निरोपाचा नारळ द्यायचा, ते त्या तासावर ठरेल. तुमच्याच्याने काही होतंय का बघा.”

मी म्हटलं, त्यांनी स्वतः यायला हवं. दुपारी तो आला. पस्तिशीचा असेल. बाहीला खडू, कपाळाला खडू, एका भुवईलाही खडू. घरी आरसा नसावा किंवा बायकोने नाद सोडला असावा.

“सहा वर्षं कंत्राटावर आहे, मॅडम. दर उन्हाळ्यात नवा अर्ज. सासऱ्यांचं फरश्यांचं दुकान आहे. गल्ल्यामागची एक खुर्ची त्यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवलीय. प्रत्येक वेळी गेलो की ती पुसतात.”

हसत म्हणाला, पण मला ती खुर्ची दिसलीच.

मंगळवार, १२ ऑगस्ट

डस्टरसरांचा तास बघितला. विभागप्रमुखांनी मासळीबाजार म्हटलं ते सौम्यच.

माझं या विषयातलं ज्ञान म्हणजे तुळई छताखाली आडवी असते, एवढंच. त्याने फळ्यावर एक तुळई काढली, तिच्याखाली दोन आधार काढले, वर चोवीस टन वजन ठेवलं आणि कोणता आधार किती उचलतो त्याचं गणित करायला लागला. पाठ वर्गाकडे, बोलणं फळ्याशी. शेवटी दोन्ही आधारांखाली आकडे लिहिले आणि हात झटकत वळला. “झालं. घ्या उतरवून,” म्हणाला आणि उगाच खिडकीबाहेर बघत बसला.

दुसऱ्या बाकावर एक जाड चष्म्याची मुलगी आहे. ती पेन चावत फळ्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, “सर, दोन्ही आधार मिळून अठराच झाले. मग उरलेले सहा टन कोण उचलतंय?”

“हवा!” मागून एक जण ओरडला.

“हवा नाही रे, सरांचं डस्टर!”

झालं. सगळा वर्ग उठला. डस्टरसरांनी “अरेच्चा!” म्हणून कपाळावर हात मारला (भुवईच्या खडूचा उलगडा झाला) आणि चक्क पहिल्या बाकाच्या कडेवर जाऊन बसला. खडू पोरांच्या हातात. एक जण पुढे येऊन खोडतोय, दुसरा त्याला ढकलतोय, चष्मेवाली दोघांना झापतेय. शेवटच्या रांगेतली मुलं बाकावर उभी राहून बघत होती. बराच वेळ गेला तेव्हा कुठे आकडे जुळले आणि टाळ्या पडल्या. घंटा होऊन गेली होती. एकही पोरगा वर्गाबाहेर गेला नव्हता.

माझी टिपणं: वर्गावर ताबा नाही. पूर्वतयारी कच्ची. खडू मुलांच्या हातात. तास संपल्याचं भान कोणालाच नाही.

नंतर खोलीत त्याला समोर बसवून शांतपणे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, त्या चुकांचं म्हणाल तर...”

“घाबरू नका हो. चुका सगळ्यांच्याच होतात,” मी म्हटलं. माणसाला आधी धीर द्यावा लागतो. तो पुढे काही बोलला नाही, म्हणजे धीर आला असणार.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

योजना तयार. फळा बंद, सगळं पडद्यावर. स्लाइड मी स्वतः टाईप करून देणार, कारण त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात आणि कॉम्प्युटरवर त्याचा हात एका बोटाने चालतो. पडद्यावर आला की आकडा चुकायचा प्रश्नच नाही. वाक्य संपलं की पुढची स्लाइड, मध्ये घुटमळायचं नाही. आणि प्रश्नांसाठी पेटी. मुलांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, त्यांची उत्तरं पुढच्या तासाला. पेटीची कल्पना माझी. पुठ्ठ्याचा खोका आणून त्याला निळा कागदही मीच लावला.

त्याने खोका उलटसुलट करून बघितला. “पुढच्या तासापर्यंत प्रश्न शिळा नाही होणार?”

“शिळा होत नाही, शिस्तीत येतो.”

“बरं,” म्हणाला. गुणी आहे. सांगितलेलं ऐकतो.

बुधवार, ३ सप्टेंबर

कायापालट! टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका शांत वर्ग. एकामागून एक स्लाइड, एक आकडा चुकला नाही. डस्टरसरांच्या शर्टाला खडूचा ठिपका नव्हता, इस्त्रीसुद्धा होती. घंटा झाली आणि दुसऱ्या क्षणी वर्ग रिकामा. वेळेचं भान म्हणतात ते हे. चष्मेवाली पूर्ण तास मान खाली घालून वहीत काहीतरी काढत होती. आकृत्याच असणार. एकीला शेपटी होती की काय, मागून नीट दिसलं नाही.

पेटीत एकच चिठ्ठी निघाली: ‘आज हजेरी घेणार आहात का?’

पहिलाच आठवडा आहे. हळूहळू सवय होईल.

रविवार, १४ सप्टेंबर

नवरोबाने निळ्या चौकटींचं कापड आणलं. पहिलीच शिवण अशी तिरकी गेली की बघवेना. मी म्हटलं, ऊठ जरा, दाखवते. दाखवता दाखवता तीन बाजू माझ्याच हातून शिवून झाल्या, चौथी उशी घालायला उघडी ठेवून तिला हेम घातला. अभ्रा अगदी आखल्यासारखा सरळ. तो मध्येच चप्पल घालून फिरायला गेला आणि अंधार पडायला आला.

अभ्रा अजून मशीनवरच पडलाय. उशीला घालायचं विसरला असेल.

गुरुवार, २५ सप्टेंबर

डस्टरसर खोलीत येऊन बसला. मग म्हणाला, “मॅडम, पोरं काही विचारत नाहीत.”

“म्हणजे कळतंय त्यांना.”

“मला शिकवल्यासारखं वाटत नाही. बातम्या वाचल्यासारखं वाटतं.”

आत्मविश्वासाचा प्रश्न आहे. मी त्याला सांगितलं, नवा बूट चावतोच, पण चालता चालता सैल होतो. तो म्हणाला, “हो, किंवा पाय बधिर होतो.” असला कडवट विनोद त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मग आपणहून म्हणाला, “नाही, करतो मी. आता घरातल्यांना आणखी एक उन्हाळा तेच ऐकवणं जमणार नाही.”

जिन्यात शेजारच्या वर्गाचे सर भेटले, रोज तक्रार करणारे तेच. मला वाटलं आभार मानतील. तर म्हणाले, “काय हो, आमचा डस्टर आजारी आहे का? हल्ली आवाज येत नाही.” आणि चेहरा काळजीचा! करावं ते थोडंच. पण ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं, का ते कळलं नाही. शंका आली की माझी झोप जाते, म्हणून इथेच लिहून ठेवते आणि दिवा घालवते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

उद्या समिती. विभागप्रमुख, विद्यापीठाचे एक अधिकारी आणि बाहेरून एक बाई, ज्यांचं आयुष्य पूल बांधण्यात गेलंय. मी मागच्या बाकावर.

स्लाइड सकाळीच पूर्ण करून त्याला पाठवल्या. त्याने दिलेल्या कागदावरचे आकडे वाचता वाचता डोळ्यांना पाणी आलं. फोनवर दोनदा बजावलं, एकेक आकडा तपासून बघा, काही हवं असेल तर लगेच बदलून देते. संध्याकाळी निरोप आला: ‘सगळ्या बघितल्या. छान आहेत. काही बदलू नका.’

माझ्या कामाची अशी पावती पहिल्यांदाच मिळाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवार, ८ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते.

अर्धा तास सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. विभागप्रमुख समाधानाने कागदावर खुणा करत होते. मग ती स्लाइड आली. एक तुळई, वर तीस टन, खाली दोन आधार. डस्टरसर म्हणाला, “हे उत्तर,” आणि थांबला.

थांबायचं नाही म्हणून मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! एका जागी उभा, हात मागे, नजर खिडकीबाहेर. मला वाटलं, गेलं, हा सगळं विसरला. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. पूलवाल्या बाई हाताची घडी घालून वर्गाकडे बघत होत्या. मी पडद्याकडे बघितलं, त्याला काही आठवण करून देता येते का म्हणून. एका आधाराखाली बारा. दुसऱ्याखाली आठ.

बारा आणि आठ वीस. वर तीस.

मला तुळईतलं काही कळत नाही, पण खालचे दोन मिळून वरच्याइतके व्हायला हवेत एवढं त्या मासळीबाजारात बसून कानावर पडलं होतं. त्याच्या कागदावर अठरा असणार. टाईप करताना माझ्याच हातून त्यातला एकचा आकडा खाल्ला गेला. सहा वर्षं थांबलेल्या माणसाची नोकरी माझ्या एका बोटाने घालवली, आणि त्याचं तर लक्षही नाही!

गप्प बसले असते तर निभावलं असतं. विभागप्रमुखांच्या ध्यानात आलं नव्हतं, खाली मान घालून खुणाच करत होते. पुढची स्लाइड आली असती की संपलं. पण तो पुढे जाईना. एवढ्यात दुसऱ्या बाकावर चष्मेवाली मान वर करून पडद्याकडे बघताना दिसली. तिने पेन तोंडात धरलं. पुन्हा पडद्याकडे बघितलं. आणि मग वहीच्या कोपऱ्याचा तुकडा फाडून त्यावर लिहायला लागली. चिठ्ठी! माझ्या पेटीसाठी! तिला दिसलं होतं, तोंडापर्यंत आलं होतं, आणि ती ते घडी घालून निळ्या खोक्यात टाकणार होती, पुढच्या तासासाठी.

मला काय झालं माहीत नाही. स्वतःच केलेला नियम मोडून मी मागून मोठ्याने म्हणाले, “अगं, चिठ्ठी नको. बोलून टाक.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विभागप्रमुखांचीही. मुलगी उभी राहिली.

“सर... दोन्ही मिळून वीसच होतात. उरलेले दहा टन कोण उचलतंय?”

मागून तोच आवाज, जो मी ऑगस्टानंतर ऐकला नव्हता: “हवा!”

आणि वर्ग फुटला. डस्टरसरांनी “अरेच्चा!” म्हणून पडदा वर सोडला. तो धाडकन वर गेला आणि अधिकारी दचकले. मागे फळा होता, महिनाभर कोरा. खडू मिळेना, कोणीतरी दप्तरातून काढून दिला, म्हणजे पोरं बाळगून होती. तो नेहमीसारखा पहिल्या बाकाच्या कडेवर बसला. चष्मेवाली पुढे, तिच्या मागे आणखी दोघं. वजन दुसऱ्या आधाराच्या जवळ आहे म्हणून त्याच्या वाट्याला जास्त, हे तिने हातवारे करून असं सांगितलं की मलासुद्धा कळलं. शेवटी बारा आणि अठरा. घंटा झाली, तरी कोणी उठलं नाही. पूलवाल्या बाईही नाही.

विभागप्रमुख मात्र उठले. दाराशी मला म्हणाले, “बघितलंत? कुत्र्याचं शेपूट.”

“चूक माझी आहे. आकडे मी टाईप केले होते.”

“मग ते तपासले नाहीत, ही त्याची चूक.”

घरी येऊन जेवले नाही. नवरोबाने कारण विचारलं, सांगितलं. तो मला हसला नाही, त्यामुळे जास्तच रडू आलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

नऊ दिवस कोणी काही सांगेना. आज दुपारी दार ढकलून डस्टरसर आत आला. भुवईला खडू. हातातला कागद टेबलावर ठेवला. कायम.

विभागप्रमुख विरोधात होते म्हणे. पूलवाल्या बाईंनी त्यांना एवढंच विचारलं की तुम्हाला ती चूक कधी दिसली? मुलीच्या आधी की नंतर? त्यावर त्यांनी सही केली.

मला आधी आनंद झाला, मग राहवेना. म्हटलं, “मला माफ करा. तो आठ माझा होता. माझ्यामुळे तुम्ही त्या फरशीच्या दुकानात जाऊन बसला असतात.”

“माहीत आहे, मॅडम. आदल्या दिवशीच दिसला होता मला.”

“दिसला होता? मग सांगितलं का नाहीत? मी लगेच बदलून दिला असता!”

“चांगली होती चूक,” तो म्हणाला. “ठेवली.”

तो खुर्चीवर बसला आणि अगदी साधेपणाने सांगायला लागला. चुका तो घरून ठरवून आणतो. प्रत्येक धड्याला एक. फार सोपी असून चालत नाही, पोरं लगेच पकडतात आणि मजा जाते. फार अवघड असूनही चालत नाही. उत्तरापेक्षा चूक शोधायलाच त्याला जास्त वेळ लागतो. “सांगितलं की घरी जाईपर्यंत विसरतात, मॅडम. मला पकडलं की विसरत नाहीत. तुमची मात्र एकदम आयती मिळाली. मलासुद्धा इतकी नेमकी सुचली नसती.”

“आणि त्या दिवशी थांबलात, ते विसरला होतात म्हणून नाही?”

“वाट बघत होतो. पण महिनाभर चिठ्ठ्यांची सवय लागली होती ना, कोणी तोंडच उघडेना. तेव्हा मात्र घाम फुटला. सासऱ्यांची खुर्चीच डोळ्यांपुढे आली. तुम्ही बोललात म्हणून वाचलो.”

मी विचारलं, “हे सगळं मला ऑगस्टातच का नाही सांगितलंत?”

त्याने आढेवेढे घेतले, मग म्हणाला, “तुम्ही विचारलं नाहीत.”

हे लागलं. मुलांनी प्रश्न कसे विचारावेत हे मी लोकांना शिकवते, आणि ज्याला शिकवायला निघाले त्याला ‘तुम्ही असं का करता?’ एवढं एकदाही विचारलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. चांगला चालणारा वर्ग मी महिनाभर बंद पाडला, पोरांची तोंडं खोक्यात घातली, आणि वर इथे ‘कायापालट’ लिहून उद्गारचिन्ह दिलं.

जाताना तो दारातून म्हणाला, “विभागप्रमुखांना मात्र हे सांगू नका हं.”

“वर्गातलं वर्गात,” मी म्हटलं. निळा खोका त्याने खडू ठेवायला नेला.

रविवार, १९ ऑक्टोबर

मी शिवलेला तो पहिला, सरळ अभ्रा महिनाभर मशीनवरच होता. आज सकाळी नवरोबाने तो गुपचूप कपाटात ठेवला आणि त्याच कापडाचा दुसरा तुकडा घेऊन बसला. मी समोरच्या खुर्चीत, हातात पेपर. शिवण तिरकी गेली. बोलले नाही. दोरा तुटला. बोलले नाही. नवल म्हणजे मी न बोलता त्याने ताणाचा स्क्रू आपणच फिरवला आणि दोरा तुटायचा थांबला.

एक बाजू झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. तो रंगात आला होता, गुणगुणत होता. त्याच नादात कापड फिरवलं आणि चौथीही शिवायला घेतली. मी पेपर जरा वर धरला. जीभ दातांखाली इतकी दाबली की दुखली.

दोरा कापून त्याने अभ्रा झटकला, उशी घेतली आणि तोंड शोधायला लागला. फिरवून बघितला, पुन्हा फिरवला. चारही बाजू पक्क्या, टाका अगदी मजबूत. खूप वेळ तो त्या बंद चौकोनाकडे बघत राहिला, मग पोट धरून हसायला लागला. हसता हसता थांबला आणि पेपर खाली ओढून माझ्या तोंडाकडे बघितलं.

“तुला दिसत होतं ना?”

“दिसत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“चांगली होती,” मी म्हटलं. “ठेवली.”

त्याने उशी फेकून मारली आणि शिवण उसवायला बसला.